सासरी ठेवलेली फाईल

माय, तुले जाऊन आता चौदा वर्षं होतील, अन् मी आज पहिल्यांदाच तुले लिहून राहिली. काल दादाची पोरगी पांढुर्ण्याच्या सासरहून बाळंतपणाले माहेरी आली. सातवा महिना, अन् बीपी वाढलेला. पाणी द्यायच्या आधी मी तिची फाईल मागितली. म्हटलं, गोळी एक दिवस चुकवू नको, अन् इथल्या नर्सबाईले सगळं सांग. तर ती सहजच बोलली, "आत्या, आजीनं तुह्या गोळ्या बंद केल्या होत्या ना?" तिले काय उत्तर दिलं, ते सांगाले मले धीर लागते.

घरात सगळ्यांले हेच माहीत आहे. नागपूरच्या दवाखान्यात माह्या सासूनं चारचौघांत तुले म्हटलं होतं, अडाणी बाईनं गोळ्या सोडवल्या अन् लेकरू खाल्लं. तू तोंडाले पदर लावून एवढंच म्हणाली, "चुकलं माहं." मी पलंगावर पडून ऐकत होती.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं बीपीच्या गोळ्या देऊन बजावलं होतं का बाळंतपण तिथंच, मोठ्या दवाखान्यात. मले तर तुह्याजवळच यायचं होतं. सासूच्या हाताखाली सव्वा महिना काढायची धास्तीच होती मले. म्हणून फाईल सासरीच गादीखाली ठेवली अन् आली. आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यात नर्सबाईनं बीपी मोजला, बरोबर निघाला. आदल्या दिवसापर्यंत गोळ्या खाल्लेल्या, निघणारच. काही गोळ्या चालू आहेत का, तिनं विचारलं. हो म्हटलं असतं तर परत नागपूरले धाडलं असतं. मी नाही म्हटलं, अन् त्या दिवसापासून गोळ्या खाल्ल्याच नाही. तू बाजूलेच बसून होती. पुढं पाय सुजले, तर पहिलटकरणीचे सुजतातच म्हणून तू रोज शेकून द्यायची. एका दुपारी डोळ्यांपुढं अंधारी आली अन् झटके सुरू झाले. सौंसरच्या दवाखान्यानं हात टेकले, गाडी नागपूरले निघाली. पोरगी झाली, पण रडलीच नाही.

गोळ्यांची एक अख्खी पत्ती मी साडीच्या घडीत लपवून आणली होती, लागली तर असू दे म्हणून. घरी परतल्यावर पाहिलं, साडी होती, पत्ती नव्हती. दवाखान्यात न्यायची बॅग तूच भरली होती, माय. म्हणजे सासू बोलली तेव्हा तुले सगळं माहीत होतं. तू कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

काल तरी सांगता आलं असतं. समोर फक्त दादाची पोरगीच होती. मी म्हटलं, "आजीले काय कळत होतं त्या काळी," अन् चहा ठेवाले उठली.