पद्माची निगेटिव्ह

कोल्हापूर,
सोमवार, १२ नोव्हेंबर १९७३

चि. सौ. विमल हिस,
अनेक आशीर्वाद.

"पोरीच्या चेहऱ्यावर पेन्सिल फिरवायचीच तर ती बापानं फिरवावी, परक्यानं नको." दादांचं हे वाक्य तुला आठवतं का? तू तेव्हा परकर नेसायचीस. स्टुडिओच्या पायरीवर बसून चिंचा चोखत होतीस. तुझं कार्ड आलं तेव्हापासून ते वाक्य माझ्या कानातून हलत नाही. भाजी चिरताना येतं, गिऱ्हाइकाशी बोलताना येतं.

इकडे सगळे ठीक आहोत. तुळशीचं लग्न झालं आणि स्टुडिओत झुंबड सुरू झाली. शिरोळला ऊसतोड लागली असेल. वसंतरावांना घरी जेवायला तरी सवड मिळते का? तुझी कंबर कशी आहे? पाठवलेली काकवी पोचली. आकारामनं अर्धी एकट्यानं संपवली आणि वर म्हणतो, "धाकट्या ताईस्नी कळवा, भांडं मोकळं झालंय म्हणून." दादा गेल्यापासून कॅमेरा तोच सांभाळतो, पण त्याची जीभ सांभाळायला कोणी नाही.

तुझ्या पद्माचा फोटो अजून का आला नाही, असं तू विचारलंस. फोटो पक्का करायचा हायपो संपलाय, वीजही जाते, असं मी कळवलं होतं. हायपो संपलेला नाही. कपाटात भरपूर आहे. वीज जाते हे खरं, पण दिवसभर काही जात नाही. निगेटिव्ह त्याच दिवशी धुतली, वाळली, आणि माझ्या टचिंगच्या चौकटीवर लावून ठेवली आहे. खालचा आरसा खिडकीतला उजेड वर फेकतो आणि पद्मा माझ्याकडे बघत राहते, पांढऱ्या केसांची, काळ्या चेहऱ्याची. पेन्सिलीला टोक करून करून तिची सुई झाली आहे. मी बसते, भिंग डोळ्याला लावते, उठते. मोरीवर जाऊन हात धुते. परत येऊन बसते. आता चौकटीवर फडकं टाकलं आहे आणि तुला लिहायला घेतलं आहे.

तुझं कार्ड समोरच आहे. "गळ्याजवळचा एवढा डाग काढ आणि १९ तारखेच्या सोमवारच्या आत पाठव. सयाजीराव फोटो घेऊन मुलाकडं कबनूरला जाणार आहेत. मुलाकडची माणसं आधी फोटो बघणार, आवडला तर मुलगी. तुझ्या हाताला त्यात काय अवघड?"

अवघड आहे, विमल. तू फोटोवाल्याची लेक, तुला सांगायला नको, तरी सांगते. निगेटिव्हवर जे काळं, ते कागदावर पांढरं. देवीचे वण असतात ना, ते निगेटिव्हवर पारदर्शक ठिपके होऊन येतात. पेन्सिलीनं ते भरले की फोटोत गाल गुळगुळीत. पण पद्माचा डाग पांढरा आहे. म्हणजे निगेटिव्हवर तो काळा. पेन्सिल काळं वाढवते, कमी करत नाही. त्याला चाकू लागतो. चाकूनं फिल्मवरचा थर खरवडायचा, केसाएवढा, पुन्हा केसाएवढा. पेन्सिलीचं काम चुकलं तर पुसता येतं. चाकूचं पुसता येत नाही.

मी काही सोवळी नाही. रोज कोणाच्या ना कोणाच्या चेहऱ्यावर पेन्सिल चालवते. पण मनाशी एक धरून आहे, की जे चार दिवसांनी आपोआप जाणार ते आज काढलं तर त्यात फसवणूक नाही. पुटकुळी, उन्हानं रापलेलं नाक, जागरणानं सुजलेले डोळे. पद्माचं तसं नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी तुला काय सांगितलं ते तूच मला सांगितलं होतंस. लागण होत नाही, दुखत नाही, पण जाईल की वाढेल ते सांगता येत नाही.

फोटोच्या दिवशी तू कुड्या उजळून आणायला गुजरीत गेलीस, तेव्हा इथं काय झालं ते तुला कोणी सांगितलेलं नाही. तू तिची वेणी डाव्या खांद्यावरून पुढं आणून, गळा झाकून, "अशीच बस, हलू नको" म्हणून गेलीस. आकाराम काळ्या कापडाखाली शिरला. मी पद्माचा पदर सारखा करत होते. तेवढ्यात तिनं वेणी उचलली आणि मागं टाकली.

मी म्हटलं, "अगं, आई काय म्हणाली?"

"मावशी, मग त्यांच्या घरात मी जन्मभर वेणी पुढं घेऊनच भाकरी थापायच्या का?"

मी वेणी पुन्हा पुढं घेतली. तिनं पुन्हा मागं टाकली. कापडाखालून आकाराम ओरडला, "मागं का फुडं, एक काय ते ठरवा की! ढग आलाय, उजेड जाईल. आणि पोरी, हसू ओठाच्या आत ठेव, परीक्षेला बसल्यागत नको."

ती खरंच हसली. त्यानं नेहमीप्रमाणे दोन निगेटिव्ह घेतल्या. दोन्हीत वेणी मागं आहे. तू परत आलीस तेव्हा तिनं ती पुढं घेतलेली होती.

तुला राग आला असेल. येऊ दे. पण पत्र फाडू नकोस, पुढं वाच.

मला सासरी जबलपूरचं पाणी मानवलं नाही, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. तुलाही तेच सांगितलं. जबलपूरचं पाणी चांगलं होतं. सासरच्या वडीलधाऱ्यांनी मला इथं येऊन पाहिलं होतं, वणांसकट पसंत केलं होतं. पण खुद्द नवरदेवांना नोकरीतून रजा नव्हती, त्यांच्याकडं फक्त फोटो गेला. तो फोटो दादांनी केला होता. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. किती दिवस त्या चौकटीवर वाकून बसले होते! माझा एकेक वण बुजवताना चष्मा वर करून माझ्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "आता बघ, कशी झालीस." मीही खूश होते, विमल.

अंतरपाट खाली आला तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागं बघितलं. मागं आणखी कोणी उभी आहे का, म्हणून.

ते मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, हे मी कुणासमोरही सांगेन. तो फोटो मात्र चौकट करून टेबलावर ठेवला होता. मी रोज पुसायची. त्यांचे मित्र यायचे, फोटो बघायचे, आणि मी चहा घेऊन बाहेर आले की कपात बघायचे. एकदा मी विचारलं, "हा आत ठेवू का?" ते म्हणाले, "राहू दे. चांगला आलाय." फोटोतल्या त्या बाईचा मला इतका मत्सर वाटायचा. तिचा राग करावा तर तिला माझ्या बापानं मायेनं घडवलेली. दिवाळीला मी माहेरी आले ती इथंच राहिले. ते न्यायला आले नाहीत आणि मीही जाते म्हणाले नाही. एक दिवस दादांनी आपली टचिंगची खुर्ची माझ्यापुढं ओढली आणि स्वतः बाहेर जाऊन बसले. त्यानंतर पेन्सिल त्यांनी हातात घेतली नाही.

दादा वाईट नव्हते. तूही नाहीस. पद्माच्या पाठच्या दोघींचं व्हायचंय, हे तू कार्डात लिहिलं नाहीस, पण मला दिसतं.

आता ज्याच्याभोवती मी सगळं पत्र फिरते आहे, ते लिहिते.

आपण अजून दादांच्या वेळचीच फिल्म वापरतो. तिला तांबडा रंग दिसत नाही, म्हणून ती लाल दिव्यात धुता येते. आणि म्हणूनच कातडीवर जे डोळ्याला पुसट असतं, ते ती ठळक करून ठेवते. पद्माची निगेटिव्ह मी स्वतः धुतली. तिचा चेहरा तबकात हळूहळू वर आला, गळ्याचा डाग आला, आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्याशी आणखी एक आला. मसुराएवढा. मला वाटलं, डेव्हलपर तिथं साचला असेल. दुसरी धुतली. तिच्यातही तिथंच आहे.

तिच्या तोंडाकडं बघून तो मला दिसला नव्हता, आणि मी तिच्या अगदी जवळ उभी होते. तुला दिसला नसेल. तिला तर नाहीच. ती गळ्याच्या डागाला भीत नाही, कारण तो तिनं पाहिला आहे. हा तिनं पाहिलेला नाही. कॅमेऱ्यानं पाहिला, मी पाहिला, आणि आता मी तो तुला सांगते आहे. तिच्या चेहऱ्याची बातमी तिच्याआधी आपल्यातच फिरते आहे, आणि त्यानं मला बसवत नाही. गळ्याचा खरवडला तर ओठाचाही खरवडायला हवा. मग कबनूरला जी जाईल ती कोण?

तर मागायचं ते मागते. पद्माला शनिवारच्या सकाळच्या एस.टी.नं माझ्याकडं पाठव. एकटीला. तू येऊ नकोस. स्टँडवर आकाराम जाईल. हात न लावलेला फोटो मी करून ठेवते. तो तिच्या हातात देईन, ओठाजवळचं काय आहे ते सांगेन, आणि ती रडली तर रडू देईन. मग कबनूरला कोणता फोटो जायचा, ते तिनं सांगायचं. खरवड म्हणाली तर मी चाकू घेईन आणि दोन्ही डाग खरवडीन. आहे तसा पाठव म्हणाली, तर तोच सयाजीरावांच्या हाती जाईल, आणि त्यात तू मधे पडायचं नाहीस.

वसंतराव नको म्हणतील. तू त्यांच्याही आधी म्हणशील. तिला सांगलीला नेऊन दुसरा फोटो काढशील, वेणी पुढं घेऊन, हेही मला कळतं. तुझ्या जागी मी असते तर कदाचित तेच केलं असतं.

तरी मागते, विमल. पाठव तिला.

तुझं 'नाही' येईल म्हणून पोस्टमनच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुझी
आक्का