फळीवरचं शहर

प्रिय भाऊ,

आज सकाळी आईला सांगून टाकलं, की तू राहिलास ते रशियातलं शहर रिकामं झालं. तिने काय उत्तर दिलं ते तुला कळवावं म्हणून लिहायला बसले. तू वाचणार नाहीस हे मला ठाऊक आहे. मी शाळेत शिकवते, खुळी नाही.

काविळीने तू धंतोलीच्या दवाखान्यात वारलास, त्यानंतर काही महिन्यांनीच तिकडचं अणुवीज केंद्र फुटलं. साऱ्या शहराला बसमध्ये बसवून नेलं. दोन-तीन दिवसांत परतू म्हणून लोकांनी ताटंसुद्धा उचलली नाहीत म्हणे. परत कोणीच आलं नाही. मी तेव्हाच पेपरात वाचलं होतं. आईला वाचता येत नाही, म्हणून गप्प बसले. काय सांगणार होते? ते शहर तूच तर आमच्या घरात आणून ठेवलंस!

तिकडून टर्बाइनचं काम शिकून आलास, तेव्हा आईचा एकच धोशा होता, "कुठं राह्यत होता तू? मले नीट समजावून सांग." फोटोंनी तिचं समाधान होईना. मग तू जमिनीवर तिचं निळं लुगडं पसरलंस, ही नदी. उलटा पाट म्हणजे हॉटेल. पितळी डबा म्हणजे नाचगाण्याचं भवन. परात हा पोहायचा तलाव, खराट्याच्या काड्या म्हणजे पाईनचं जंगल. खलबत्ता शहराबाहेर ठेवलास, "इथं मी कामाले जात होतो." आणि गुळाचा डबा, तुझी खोली.

"अणूची भट्टी? भाजत नाही का रे?" आईने विचारलं होतं.

"कोळसा काय अन् अणू काय, वाफ तेच काम करते. मी वाफेचा माणूस आहो, आई." किती ऐटीत म्हणालास!

तू गेल्यावर आईने ती सारी भांडी स्वयंपाकघरातल्या फळीवर तशीच मांडली. गूळ दुसऱ्या डब्यात गेला. रोज पुसते. "बाळू आता तिकडं हाये," म्हणते. तिला भ्रम झालेला नाही. तू गेल्यावर विहारात पुण्यानुमोदनाचा विधी झाला तेव्हा सगळ्यात पुढे तीच बसली होती. पण गेलेल्या माणसाला कुठेतरी ठेवावं लागतं, तिने तुला तिथे ठेवलं. ते शहर मी कसं रिकामं करणार होते?

तसा तू आमच्यात कधी सापडायचास? माझं लग्न विहारात लागत होतं आणि तू घरी! लग्नघर रिकामं ठेवायचं नाही, कोणीतरी राखायला हवं, आणि आपल्याकडे ते कोणीतरी म्हणजे कायम तूच. पाहुण्यांच्या पेट्या सांभाळत बसलास. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत तू नाहीस. याचा मला अजून राग आहे.

आज मी मासिक चाळत होते. त्यात त्या शहराचा फोटो होता, पिवळ्या डब्यांचा, जत्रेत असतो तसा मोठा गोल पाळणा. आई तांदूळ निवडता निवडता वाकली. "हे काय वं?"

"पाळणा. भाऊच्या शहरातला."

"बाळूनं तं नाही सांगितला."

"त्याच्यानंतर उभा केला. सुरू व्हायच्या आधीच शहर रिकामं..." निघून गेलं तोंडातून!

"रिकामं? काहून?"

मग सांगितलं सगळं. हॉटेल ओस पडलं, भवनात कोणी नाही, नदीच्या घाटावर कोणी नाही, जंगल तांबडं पडून मेलं. ती तांदूळ निवडत राहिली. वाटलं, आता उठून फळी आवरेल. उठली ती खरंच. पण तिने खिळ्यावरची चाळणी काढली आणि पितळी डब्याशेजारी उभी केली. पाळणा!

"सगळेच गेले?"

"सगळेच."

"अन् घरं तशीच टाकून?"

"तशीच."

तिने गुळाचा डबा पदराने पुसला. "मंग बाळू हाये नं तिथं. घर राखाले तोच राह्यते."

आणि पुन्हा सुपाशी जाऊन बसली. मी मोरीत जाऊन रडले, भाऊ. तुझ्यासाठी की त्या शहरासाठी, मला सांगता येणार नाही.

फळी मी हलवू देणार नाही. आईच्या मागेसुद्धा. पिठाला दुसरी चाळणी आणते. आणि एक शब्द देते. माझ्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी मी घराला कुलूप लावेन. चोर आले तर येऊ देत. राखायला म्हणून कोणालाही मागे ठेवणार नाही.

तुझी,
शकू