मऊ की कडक?

२ जून, रविवार
निर्णय झाला. सही करायची नाही.

तीन वर्षं झाली कोल्डस्टोअरमध्ये. बाहेर सत्तेचाळीस, आत उणे बावीस. गोठलेल्या वाटाण्याची खोकी या फळीवरून त्या फळीवर. आता फोरमनने आणखी दोन वर्षांचा कागद हातात दिलाय. सही करून द्यायची मुदत ३० जून, संध्याकाळी पाच. नाही केली तर मोकळा. आपण मोकळेच होणार.

कारण समुद्राकडच्या शहरात गाड्यांचं एक शोरूम आहे. तिथे गिऱ्हाइकाला नव्या गाडीतून चक्कर मारून आणणारा माणूस पाहिजे. शोरूमवाल्याशी फोनवर बोललो. त्याने विचारलं, गाडी नीट चालवता येते ना? म्हटलं, म्हणजे काय! मग म्हणाला, २३ तारखेला रविवारी सकाळी नऊला ये. याचा अर्थ स्वच्छ आहे. आधी माझी गाडी बघणार.

आणि गाडी आहे. लाल, दोन दारांची, बुटकी, मागे पंख. जुना सुपरवायझर जाताना देऊन गेला. मामा म्हणतात, गळ्यात मारून गेला. मामा म्हणजे आमच्या खोलीतले फ्रीजर-मेकॅनिक. खरे मामा कुणाचेच नाहीत, पण अख्खी बिल्डिंग त्यांना मामा म्हणते आणि ते अख्ख्या बिल्डिंगला अक्कल शिकवतात.

दुपारी प्रॅक्टिस म्हणून हायवेला गेलो. नाक्यावर पोलिसाने थांबवलं. मला वाटलं, गाडी आवडली. तर खाली बसून टायर बघायला लागला. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, कुठल्या वर्षी कितव्या आठवड्यात जन्मला ते. माझे चारही सात वर्षांचे. मी म्हटलं, साहेब, नक्षी तर बघा, नव्यासारखी आहे. म्हणाला, नक्षी नाही, वय बघतोय. मग भेगेत नख घातलं. अख्खं आत गेलं. उन्हात उभे राहून रबर वाळलंय म्हणे. उलट्या पावली परत पाठवलं.

हरकत नाही. नवे टायर घ्यायचे. एका दिवसाचं काम.

३ जून
अभ्यास सुरू. मोबाईलवर टायरचे अकरा व्हिडिओ बघितले. सातवीला एवढा अभ्यास केला असता तर सातवी तरी सुटली असती.

टायर दोन जातीचे. कडक आणि मऊ. कडक म्हणजे म्हातारे लोक वापरतात ते. टिकतात, आवाज करत नाहीत, उन्हाला दाद देत नाहीत. मऊ म्हणजे रस्त्याला चिकटतात, वळणावर सोडत नाहीत. रेसवाले हेच घालतात.

मामांना दोन्हीतला फरक समजावला. म्हणाले, काळे नि गोल असले की झालं. आणि एवढा आटापिटा कशाला? नाक्यासमोरून सकाळी बस जाते, बसने जा. बसमधून उतरणारा माणूस गाड्या विकणार! मामांना धंदा कळत नाही.

५ जून
दुपारच्या सुट्टीत टायरवाल्याकडे. बनियनवर असतो, कानावर पेन्सिल. साईज विचारली. पुढच्या टायरवरून पाठच करून गेलो होतो, घडाघडा म्हटली. दोनशे पंचवीस, पंचेचाळीस, सतरा. त्याने माझ्याकडे जरा बघितलं. इम्प्रेस झाला असणार.

मग विचारलं, चारही सारखेच? मी ओळखलं, परीक्षा घेतोय. म्हटलं, मी काय एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालणारा दिसतो का? तो म्हणाला, बरं. गाडी बघितली असती तर बरं झालं असतं. म्हटलं, मालकापेक्षा गाडी कोण जास्त ओळखणार?

त्याच्याकडे कडक टायर पडलेले होते. म्हणाला, या हवेला हेच घे, तासाभरात बसवून देतो, मऊ टायर इथल्या डांबरावर खोडरबरासारखे झिजतात, एक उन्हाळासुद्धा जाणार नाही. मी म्हटलं, मला गाडी चालवायची आहे, गाडीचा विमा उतरवायचा नाही. वाक्य चांगलं जमलं. तो हसला नाही.

मऊ मागवले. पंधरा दिवस लागतील. तरी २३ च्या आत. सगळं हिशेबात आहे.

९ जून, रविवार
सुट्टी. तासभर गाडीत नुसता बसलो. स्टिअरिंग हातात धरलं की पोटऱ्यांनासुद्धा वेग जाणवतो, गाडी उभी असली तरी. मामा डबा द्यायला आले, मी म्हटलं बसून तर बघा. बसले. मग निघता येईना. सीट एवढी खाली की गुडघे छातीला. शेवटी मी पाय ओढले आणि खालच्या वॉचमनने हात. मामा म्हणाले, ही गाडी नाही, बादली आहे.

ताईचा फोन आला. तिला शोरूमचं सांगितलं. म्हणाली, सही कर गुपचूप, नोकऱ्या काय रस्त्यावर पडल्यात? मी म्हटलं, ताई, इथे हायवेच्या टोकालाच पडली आहे, फक्त टायर यायचेत. म्हणाली, आईला मी काय सांगू? म्हटलं, सांग, धाकटा आता गाड्यांच्या लाईनमध्ये आहे.

१२ जून
फोरमनने कागद मागितला. म्हटलं, वाचतोय. तो म्हणाला, दहा दिवस? म्हटलं, घाईत सही करणारे पुढे पस्तावतात. तो म्हणाला, पस्तावायला तुला आत जागा करून ठेवलीय, ये, तीन नंबरचं दार बर्फाने धरलंय. पाऊण तास बर्फ फोडला. पापण्यांवरसुद्धा बर्फ. बाहेर आलो तर ऊन असं अंगावर आलं की जॅकेटच्या आत पाणी पाणी झालं. माणसाला एवढं थंड-गरम केलं तर त्यालाही भेगा पडतील.

पण काय, आता थोडेच दिवस.

१४ जून
आज एक तांत्रिक निर्णय घेतला. व्हिडिओत ऐकलं की उन्हात टायरमधली हवा फुगते. म्हणून दुपारी दोन वाजता चारही टायरची हवा थोडी थोडी सोडली. बराच वेळ फुसफुसत होती, म्हणजे फारच फुगली असणार.

संध्याकाळी ऊन उतरलं आणि गाडी बसली. चारही पाय पसरून. आवारात सगळ्यांनी फोटो काढले. मामा डोक्याला हात लावून म्हणाले, अरे शहाण्या, हवा मोजायची ती टायर थंड असताना! आणि कमी हवेवर टायर जास्त तापतो, कमी नाही! मी म्हटलं, व्हिडिओ पूर्ण बघायचा राहिला होता.

मामांनी कुणाचा तरी सायकलचा पंप आणला. एका टायरला साडेतीनशे दट्टे. दुसऱ्या टायरला मामांनी मोजणं सोडलं आणि शिव्या मोजायला घेतल्या. चौथ्यापर्यंत दोन्ही संपलं.

१९ जून
टायर आले! टायरवाल्याचा फोन. फोरमनला सांगितलं, अर्धा दिवस पाहिजे. त्याने विचारलं, कशाला? म्हटलं, पर्सनल. म्हणाला, पर्सनल म्हणजे टायर ना? या कंपनीत काही लपून राहत नाही.

संध्याकाळी ७
पुढचे दोन फर्स्ट क्लास बसले. नक्षी विजेसारखी. मी फोटो काढत होतो तेवढ्यात टायरवाला मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला. मग मला बोलावून विचारलं, मागचं चाक कधी बघितलंस का? म्हटलं, रोज बघतो. म्हणाला, त्यावरचा आकडा वाचलास का?

तर गोष्ट अशी. या जातीच्या गाडीची मागची चाकं पुढच्यापेक्षा रुंद असतात. कंपनीच तशी बनवते. मागे दोनशे पंचावन्न लागतात. माझे दोन त्यात बसवायचे म्हणजे लहान्याचा सदरा थोरल्याला. मी म्हटलं, हे आधी सांगायला नको का? तो म्हणाला, मी विचारलं होतं, चारही सारखेच का. तू बूट-चपला काढल्यास.

मागवलेला माल परत होत नाही. दोन टायर उरावर.

त्याच्याकडे मागच्या साईजचे कडक टायर होते. म्हणाला, हे टाक, पुढे बसतील असेही दोन आहेत, चारही कडक करून देतो, तासात मोकळा हो, नाहीतर तुझा रविवार जाईल. विचार केला. खरंच केला. पण शोरूमवाला गाडीभोवती फिरणार, वाकून बघणार, आणि त्याला म्हाताऱ्यांचे टायर दिसणार! नाही. मागचे मऊच मागवले. २८ ला येतील. तोवर नाक्यावर अडवतील, म्हणजे २३ गेली.

शोरूमला फोन केला, मी ३० ला आलो तर चालेल का? तो म्हणाला, ये, बघू. किती समजूतदार माणूस. कारण विचारलंसुद्धा नाही.

२३ जून, रविवार, सकाळी ९
आत्ता तिथे असतो.

सकाळी ९.४०
आत्ता चक्कर मारून परत आलो असतो.

मामा म्हणाले, बस पाचला गेली, मी खिडकीतून बघितली, अर्धी रिकामी होती. मामांना कधी काय बोलावं कळत नाही. उरलेले दोन टायर कॉटखाली ठेवलेत. खोलीत रबराचा वास भरलाय. चौघांची खोली आहे, मामा सोडून कुणी बोलत नाहीये.

२६ जून
फोरमन म्हणाला, ३० नंतर एक तासही थांबणार नाही, तुझ्या जागी माणूस बघून ठेवलाय. आणि खोली रिकामी करावी लागेल. मी म्हटलं, करू की. मग तीन नंबरमध्ये जाऊन वाटाणे लावले.

ताईला फोन करणार होतो. नाही केला. पहिली तारीख झाली की नव्या जागेवरून करू.

२८ जून
आले, बसले. चारही मऊ, चारही योग्य साईजचे. टायरवाल्यानेसुद्धा हात फिरवला. म्हणाला, दिसतात मात्र झकास. जाताना म्हणाला, सांभाळून जा रे. पहिल्यांदाच नीट बोलला.

३० जून, रविवार
सकाळी साडेपाचला निघालो. मामा खाली आले होते. म्हणाले, नाही जमलं तर पाचच्या आत परत ये, उगाच ताठू नकोस. म्हटलं, मामा, परत येतो ते तुमचा निरोप घ्यायला.

नाक्यावर तोच पोलीस. टायर बघितले, आकडे वाचले, हाताने जा म्हणाला. आणि मग गाडी! काय चालली! वळणावर हलली नाही. रस्ता हातात घेऊन चाललोय असं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुठेतरी जात होतो.

पावणेनऊला शोरूमच्या काचेसमोर लावली, तिरकी, म्हणजे मागचे रुंद टायर आतून दिसतील. शोरूमवाला बाहेर आला. गाडीकडे बघितलं नाही. म्हणाला, इथे लावू नका, गिऱ्हाइकांची जागा आहे. मी ओळख सांगितली. तो म्हणाला, अच्छा, तो तू. अरे, जागा भरली. मागच्या रविवारी एकजण आला, त्याला घेतला.

मी विचारलं, त्याची गाडी कुठली? त्याला प्रश्नच कळेना. म्हणाला, गाडी? बसने आला होता. मी म्हटलं, पण तुम्ही गाडी... तो म्हणाला, मी विचारलं होतं, गाडी चालवता येते का. गाड्या आमच्याकडे आहेत ना पन्नास. मग म्हणाला, तू त्या दिवशी आला असतास तर तूच पहिला होतास.

तो नवा माणूस एका म्हाताऱ्या जोडप्याला पांढऱ्या गाडीतून चक्कर मारून आणत होता. हळू. बरा चालवत होता.

जाताना सव्वातीन तास लागले होते, येताना पावणेतीन. टायर खरंच चांगले आहेत.

४.३०
फोरमनच्या ऑफिसात गेलो. त्याने पेन पुढे केलं. सही केली. मग म्हणाला, दोन वर्षांचं नवीन जॅकेट मिळतं, साईज सांग. मीडियम, लार्ज, की एक्स्ट्रा लार्ज?

म्हटलं, कुठलंही द्या.