कॉम्प्युटरला जाते

सोनागिरी, भोपाळ

ती. ताईस विजूचा नमस्कार.

परवा सकाळी शमिकाचे ठिणग्यांनी भोकं पडलेले कपडे मी गॅलरीत न घालता आतल्या खोलीत वाळत घातले. तेवढ्यात शेजारच्या भाभींनी विचारलं, "बिटिया आज कहाँ चली?" मी म्हटलं, "कंप्यूटर क्लास."

ती वेल्डिंगच्या राज्य स्पर्धेला निघाली होती. माझ्या मागेच उभी होती. "आई, येते हं कॉम्प्युटरला," म्हणाली आणि जिना उतरली.

यांनी जन्मभर वेल्डिंग केलं, त्याची मला कधी लाज वाटली नाही. लेकीनं केलं, तर वाटली.

तुझा गुडघा कसा आहे? आमची काळजी करू नकोस.

स्पर्धा दोन दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले आणि दारावर सांगितलं, "वेल्डिंगवाल्या शमिकाची आई."

तुझी,
विजू