आईच्या आवाजाची कॅसेट

झैनाबा ताई,

कॅसेट शोधून पाठवतो असं मी काल फोनवर पुन्हा म्हणालो ना, ते खोटं होतं. शोधायला काही उरलंच नाहीये.

आई नारळ खवताना आपल्या कोमोरो बेटांवरचं लग्नाचं गाणं म्हणायची, ते मी टेप केलं होतं. आवाजाचे तुकडे साठवायच्या माझ्या मशीनमध्ये जागा कमी, म्हणून आवाज फास्ट करून भरला आणि त्याच कॅसेटवर, आईच्या गाण्यावरूनच, ड्रम्स टेप केले. तेव्हा आम्ही सगळे असंच करायचो. त्या एका बीटवर माझं करिअर उभं राहिलं. आता पॅरिसचे रॅपर्सही इथे मार्सेयला माझ्याकडे येऊन तसाच चिरका आवाज मागतात.

रेडिओवर ते पहिल्यांदा लागलं तेव्हा आई म्हणाली, "मेल्या, हे कोण गातंय? मी की उंदीर?"

"आई, हिट आहे हे!"

"असू दे. माझा आवाज होता तसा ठेवलायस ना कुठेतरी?"

"ठेवलाय गं."

ती गेली, आणि तुला तुझ्या लेकीला आजीचा आवाज ऐकवायचाय. आठवडाभर मी बीटमधला तो फास्ट तुकडा स्लो करून बघतोय. किती फास्ट केला होता, ते लिहूनच ठेवलं नव्हतं. थोडा स्लो केला की कुणी तरुण बाई गाते, अजून केला की म्हातारी. यातली आई कोणती, मला खरंच कळत नाहीये.

सगळे आवाज पाठवले तर तू तिला ओळखशील? की मीच एक निवडू आणि कॅसेट सापडली म्हणून सांगू?

तुझाच,
हमिदू