शांततेसाठी शंभर वॅट

३ मार्च, सकाळी
आजपासून पंधरा दिवस रजा. मी मागितली नव्हती, साहेबांनी आपणहून दिली. कारण क्षुल्लक. स्टोअरकीपरच्या कपाळाला स्टेपलर लागला. तीन टाके. मी तो फक्त टेबलावरून उचलला होता.

बायकोने सकाळीच बजावलं. घरात आणखी एक जरी वस्तू फुटली, तरी ती लेकीला घेऊन भावाकडे जाणार आणि या खेपेला परत येणार नाही. मी शांतपणे ऐकून घेतलं. कालची बशी आधीच तडकलेली होती.

संकल्प: राग कायमचा सोडणे. उपाय: संगीत.

४ मार्च
स्पीकर आले. दारासारखेच, उंचीला आणि जाडीला. आत खोका नाही, भोंगा नाही. चुंबकांच्या मध्ये ताणलेला पातळ पडदा, बस्स. विकणारा म्हणाला, हे काही लपवत नाहीत, रेकॉर्डिंगमध्ये जे असेल ते समोर आणून उभं करतात. फक्त वीज फार खातात, अॅम्प्लिफायर तगडा बघा.

जिन्यात हमालाने कोपरा घासला. त्याला जिन्याचं माप समजावून सांगितलं. समजून घेताना तो चार पायऱ्या खाली गेला.

५ मार्च
अॅम्प व्हॉल्व्हचाच घ्यायचा, जुन्या रेडिओत काचेच्या तापणाऱ्या नळ्या असत तसला. व्हॉल्व्हचा आवाज मऊ असतो आणि माझ्या स्वभावाला मऊच शोभतो.

मेव्हण्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून विचारायला गेलो. म्हणे, या स्पीकरना व्हॉल्व्ह म्हणजे बैलगाडीला सायकल जुंपण्यासारखं. घ्यायचाच असेल तर निदान शंभर वॅट, नाहीतर साधा ट्रान्झिस्टरचा घ्या. मी म्हटलं, आठ वॅट पुरतात, कान तयार पाहिजे. त्यावर तो हसला. शहाण्याला शब्दाचा मार, पण मेव्हणा शहाणा नाही. त्याचा ओठ सुजला. बहिणीला सांगू नकोस एवढं मात्र मी गोड शब्दांत सांगितलं.

७ मार्च
स्पीकरवाल्याच्या दुकानातून आठ वॅटचा ट्रायलला आणला. दिसायला देखणा. आवाज शेजारच्या खोलीत डास अडकल्यासारखा. बटण पुढे सरकवलं तर गायिकेला उचक्या लागल्या. आणखी सरकवलं तर बटण हातात आलं.

अॅम्प खिडकीतून बाहेर गेला. नोंद करून ठेवतो: घरात काहीही फुटलं नाही. जे फुटलं ते अंगणात. बायकोला हा फरक नीट समजावला. ती खिडकी लावून घेऊन आत गेली. पटलं असावं.

९ मार्च
स्पीकरचा दुकानदार (केसांची पोनी बांधणारा) अॅम्पचे तुकडे पाहून नाही नाही ते बोलला. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी संयम ठेवला. संयम साधारण टेलिफोनची वायर त्याच्या गळ्याभोवती येईपर्यंत टिकला. मग त्याने माझा अंगठा चावला. लोक किती हिंसक झालेत.

दोघांनाही धाप लागल्यावर त्याने चाळीस वॅटचा दिला आणि एक सल्लाही. अॅम्प पारखायला गाणी लावू नका, घरातल्या माणसाचा आवाज घरातच रेकॉर्ड करून लावा. ओळखीचा आवाज खरा वाटला की अॅम्प बरोबर. पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला.

१० मार्च
दोन माइकचा रेकॉर्डर आणला. लेकीला भिंतीजवळ खुर्चीवर बसवून विज्ञानाचा धडा वाचायला लावला. 'गांडुळाला कान नसतात, पण जमिनीची थरथर त्याला कळते.' दोनदा अडखळली. का अडखळते कळत नाही, एरवी घडाघडा वाचते. थोडं समजावलं. त्यात एक कप पडला. त्याचा कान आधीच तुटलेला होता, तेव्हा तो मोजायचा नाही. एकूण रेकॉर्डिंग उत्तम.

१२ मार्च
चाळीस वॅट. तापवायला लावलेल्या गाण्यावर पाच मिनिटं बरा चालला, मग रेकॉर्डिंग लावायच्या आतच घरघरायला लागला. झाकण काढून आत हात घातला. त्याच्या शॉकने मला उचलून कपाटावर आपटलं. बोटं भाजली, भुवई फाटली, कपाटाची काच गेली. काच माझ्या डोक्याने गेली, हाताने नाही, म्हणून हीही मोजायची नाही. अॅम्पला मग लाथ बसली. पायाचं एक बोट जागचं हललं.

बायकोने न बोलता जखम पुसली. तिचं मौन म्हणजे होकार. घर पूर्वपदावर येत आहे.

१४ मार्च, दुपारी
मेव्हणा स्वतः बनवलेली शंभर वॅटच्या अॅम्पची जोडी घेऊन आला. ओठ अजून सुजलेला. म्हणाला, बहिणीसाठी आणली, तुमच्यासाठी नाही. तारा जोडल्या, अर्धा तास व्हॉल्व्ह तापू दिले. मी बायकोला आणि लेकीलाही बोलावलं. म्हटलं, बसा, ऐका, आता शांतता ऐका.

रेकॉर्डिंग लावलं. लेक जणू दोन स्पीकरच्या मध्ये येऊन उभी राहिली, इतका खरा आवाज. मी डोळे मिटले. तेवढ्यात एक माणूस ओरडायला लागला. घाणेरडं, गुरासारखं. मी विचारलं, हा कोण, खालच्या मजल्यावरचा का? मग लेक हळूच म्हणाली, बाबा, तुम्ही.

ती रडत रडत गांडूळच वाचत होती. मध्येच कप. कुठून निघाला आणि कुठे आदळला, सगळं बोट ठेवून दाखवता यावं इतकं स्पष्ट. लेकीच्या आवाजाच्या किंचित डावीकडे.

बायको उठली. तिची बॅग भरलेलीच होती. मेव्हण्याने उचलली.

१५ मार्च
घर शांत आहे.

खुर्चीमागच्या भिंतीवर कपाचा डाग सापडला. लेकीच्या डोक्याच्या उंचीवर. खुर्चीत बसून, तिचं डोकं होतं तिथपासून डागापर्यंत टेपने मोजलं. मला वाटलं होतं हातभर तरी असेल. चार बोटं.

मेव्हण्याकडे फोन केला. लेकीने उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवला.

वहीतल्या सगळ्या नोंदी वाचून काढल्या. एक दुरुस्ती. कप पडला नव्हता. मी फेकला.

स्टेपलरही.