दाखल्यापुरतं सरळ पोहणं

रविवार, २८ सप्टेंबर १९५८
सकाळी डोहात तीन पोरं तरंगली. पाठीचे भोपळे सोडून. चिंचवडच्या या घाटावर अडतीस वर्षं शिकवतोय, तरी पोराचा पहिला मोकळा हात पाण्यावर पडला की अजून कोऱ्या पाटीचा वास येतो.
दुपारी पिंपरीला. कारखान्याच्या वसाहतीत पोहण्याचा तलाव झालाय, दसऱ्याला उघडणार. निळ्या फरश्या, तळ दिसतो. वेल्फेअर ऑफिसर सबनीस, भला माणूस. मुलांना तुम्हीच शिकवा म्हणाला, पण पुण्याचा जलतरण-शिक्षकाचा दाखला हवा. दाखलेवाला शिक्षक नसेल तर तलाव फक्त पोहता येणाऱ्यांसाठी. म्हणजे जेवून आलेल्यांनाच पान वाढायचं.

मंगळ. ३० सप्टें.
पुन्हा तलावावर. बीडकडून आलेल्या एका फिटरची मुलगी, शांता, अकराची असेल. विहिरीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही. कठड्याला घट्ट धरून विचारते, "गुरुजी, पाण्यात धरायचं काय?"
अडतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. दसऱ्याला दाखवतो म्हटलं. बोलून बसलो.
अर्ज टाकला. वयाच्या रकान्यात ६१. शाईचा ठिपका पडला, राहू दिला.

रवि. ५ ऑक्टो.
पुणे. परीक्षा. बारा उमेदवार, मी सोडून सगळे तिशीच्या आतले.
तोंडी आधी. परीक्षक तरुण, गळ्यात शिट्टी. श्वास कसा शिकवता? म्हटलं, भुजंगप्रयातात. लगागा. 'ल'ला तोंड वर, श्वास. पहिल्या 'गा'ला पाय झाडायचे. दुसऱ्या 'गा'ला काही करायचं नाही, सरकत राहायचं. चार लगागा म्हणजे एक चरण. चार चरणांत डोह पार. छापील कागदावर याला रकाना नव्हता. पण खाली बघून त्यांचे ओठ हलत होते. मी पाहिलं.
बुडणाऱ्याला काढणं उत्तम झालं. मग सरळ पोहणं. तळाशी काळे पट्टे. तिसऱ्या पट्ट्यावरून निघालो, डोळे मिटून, मनात वृत्त. दुसऱ्या पट्ट्यातल्या पैलवानाच्या बरगडीत डोकं. तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, ही आळी माझी." काठावर हशा. पुन्हा सोडलं. पुन्हा त्याच आळीत.
परीक्षक वाकून म्हणाले, "गुरुजी, हे पाणी कुठं जात नाही. तुम्ही भांडताय कुणाशी?"
तेव्हा उमगलं. नदी खाली ओढणार, म्हणून माझा रोख कायम वरच्या अंगाला. ती तिकडे, मी इकडे, दोघांच्या ओढाताणीतून रेघ सरळ. आज पवना आलीच नव्हती.
बाकी सगळ्यात पास. एवढ्याचीच फेरपरीक्षा, पुढल्या रविवारी.

सोम. ६
हिला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "इतकी वर्षं वाकडं पोहलात, आणि नावं माझ्या भाकरीला."

मंगळ. ७
पिंपळे गुरवला, धोंडिबाकडे. माझा जुना विद्यार्थी, आता नातवंडांचा धनी. त्याची विहीर मोठी, पाणी निवांत. ऐकून घेतलं, हसला नाही. "गुरुजी, तुमचं मोटंच्या बैलावानी झालंय. सोडला तरी त्यो त्याच वाटंनं जातोय."
मोटेचा नाडा विहिरीवर आडवा ताणून बांधला. त्याच्याखालून पोहायचं. डावीकडे सरकलो की धोंडिबा वरून बैलाला घालतो तशी हाळी घालणार. दिवसभर हाळ्या. बांधावरून जाणारा येणारा थांबून बघतोय, विहिरीत बैल पडला की काय.

गुरु. ९
आठव्या वर्षी आप्पांनी मला पलीकडच्या तीरावरून नदीत सोडलं. आपल्या घाटाच्या वरच्या अंगाला पिंपळ आहे. एवढंच म्हणाले, "पिंपळाकडे बघ, घाटावर येशील." आलो. त्रेपन्न वर्षं येतोय. विहिरीतसुद्धा डोळे मिटले की तो पिंपळ समोर, पानं हलतायत.
आता त्याला विसरायचं. आजपासून डोळे उघडे, नजर नाड्यावर.
संध्याकाळी धोंडिबा म्हणाला, "आज हाळी न्हाई घातली. ध्यानात आलं का?" आलं नव्हतं.

रवि. १२
फेरपरीक्षा. सरळ! पैलवान मुद्दाम बघायला आला होता. "आजोबा, चुकल्याचुकल्यासारखं वाटलं," म्हणाला.
परीक्षकांनी बाजूला नेऊन लगागा पुन्हा सांगायला लावलं, वहीत लिहून घेतलं. मग जरा चाचरत... साठीवरच्या माणसाला दाखला द्यायचा का, हे समिती ठरवील. पोस्टाने कळवू.

मंगळ. १४
पोस्ट नाही. शांता वसाहतीच्या कट्ट्यावर पालथी पडून हातपाय मारत होती, तोंडाने लगागा. श्वास अगदी जागच्या जागी. एवढं दाखल्यावाचून चालतं. कट्टा कोरडा आहे.
"दसऱ्याला नक्की ना?" मी टोपी नीट केली.

शुक्र. १७
पोस्ट नाही. दसरा पाच दिवसांवर.
उजाडताच नदीवर. आठवड्यानं पवनेला भेटलो. पलीकडे गेलो, जरा बसलो, परत निघालो. डोळे उघडे, निघताना रोख थेट घाटाच्या पायरीवर, मग मान पाण्यात, चरणामागून चरण, कसं झकास. मान वर केली तर घाट नाही. बायका, दगड, धुण्याचे पिळे. खालचा पाणवठा, घाटापासून चांगली शंभर पावलं. मधोमध ही, माझंच धोतर आपटत.
हिनं मला आपादमस्तक पाहिलं.
"अहो, दाखला आला वाटतं."